रुसूबाईचे वामनकाका

परवा आमच्या बिल्डिंगखाली एका गृहस्थांची मोटार बंद पडली. त्यांनी काय करावं? खिशातून फोन काढला, कुणाला तरी बोलावलं आणि सावलीत उभं राहून शहाळं प्यायले. दोन पोरं आली, त्यांनी काहीतरी खुडबुड केली, मोटार चालू झाली, गृहस्थ गेले. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही. मी भाजीची पिशवी धरून हे सगळं बघत होते आणि खरं सांगू का, मला रागच आला. हे काय मोटार बंद पडणं झालं? मोटार बंद पडावी ती आमच्या वामनकाकांची. अख्ख्या चाळीला कळायचं.

मी लग्न होऊन दादरहून गिरगावात आले ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, प्रभातफेरी. वरात चाळीच्या पटांगणात शिरली, तर मधोमध एक काळी, पोक काढलेली विलायती मोटार आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. मी शालू सावरत त्या पायांना वळसा घालत होते, तेवढ्यात गाडीखालून आवाज आला, "सूनबाई आली का? ये बाळ. तो पाना तेवढा इकडे दे बघू." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मी हिरव्या चुड्याच्या हातानं पाना उचलून दिला. उंबरठ्यावरचं माप ओलांडायच्या आधी मी ह्या चाळीत पहिलं काम केलं ते हे!

ते वामनराव टिपणीस. फोर्टातल्या एका जहाज कंपनीत कारकून होते. त्यांचा गोरा साहेब कायमचा विलायतेला परत निघाला तेव्हा ही मोटार काकांच्या गळ्यात मारून गेला. म्हणाला म्हणे, "टिपणीस, तू प्रामाणिक माणूस आहेस, हिला जपशील." काकांना वाटलं आपला गौरव झाला. गाडी बोटीत चढवायच्या लायकीची नव्हती हे त्यांना घरी आणल्यावर कळलं, आणि घरी म्हणजे तरी काय, बैलगाडीला बांधून आणली होती! चाळीनं तिचं नाव ठेवलं रुसूबाई. कधी बसेल आणि कधी उठेल ह्याचा नेम नाही, आणि का बसली हे तर ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

गॅरेजमध्ये न्यायची सूचना कुणी केली, की काका कपाळाला आठ्या घालायचे. "आपला हात जगन्नाथ! ज्यानं बनवली तो माणूसच ना? मग ज्यानं उघडली त्याला लावता का येऊ नये?" बोलायला ठीक आहे. साहेबानं गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं, ते काका पोथीसारखं पाटावर ठेवून वाचायचे. पण नेमकी कार्बोरेटरची पानं उंदरांनी खाल्लेली, आणि रुसूबाईचं दुखणं कायम कार्बोरेटरचंच. रविवार उजाडला की काका जुना लेंगा चढवून खाली उतरत. दुपारपर्यंत सगळं सुटं होई, संध्याकाळपर्यंत सगळं परत जागेवर जाई, आणि एक तरी स्क्रू हातात उरे. दर वेळी! काका तो उजेडाकडे धरून बघत आणि म्हणत, "साहेबाच्या देशात जरा जास्तच घालतात." मग तो स्क्रू एका पत्र्याच्या डब्यात पडायचा. त्याला आम्ही उरलेल्यांचा डबा म्हणत असू. त्या डब्यातून आणखी एक मोटार उभी राहील, असं आमचे हे म्हणायचे.

बोटांची सालटी निघालेली, नखांत काळं, अंगाला घासलेटाचा वास. पार्ट धुवायला काका स्टोव्हमधलं घासलेट काढून नेत आणि इकडे आमटी अर्धी शिजून राहिलेली. हँडल मारताना ते उलटं फिरून मनगटावर बसलं, की आठवडाभर हात गळ्यात. तरी माणूस चिडला नाही कधी. शिवी म्हणून तोंडात एकच, "अगं अवदसे!" आणि तीही इतक्या मायेनं, की ऐकणाऱ्याला वाटावं मुलीची वेणी घालतायत.

गाडी सुरू व्हायची ती धक्क्यानं. सकाळी कामाला निघालेले सगळे पुरुष फाटकापर्यंत धक्का मारत. त्याबद्दल काका प्रत्येकाच्या हातावर आलेपाकाची एकेक वडी ठेवायचे. गाडीतल्या खणात कागदपत्रं नव्हतीच, आलेपाकाचा पुडा असायचा. "चला, आलेपाक खायला" असं कुणी म्हटलं, की लोक बाह्या सरसावून खाली उतरत.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? ऑफिसला तर काका ट्रामनंच जायचे. तो खटाटोप होता इंदूकाकूंसाठी.

इंदूकाकू म्हणजे काकांची बायको. संधिवातानं त्यांचे पाय धरले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या, मांडीवर सूप नाहीतर अडकित्ता. चाळीचा जिना उतरून त्यांना वर्षं झाली होती. त्यांची थोरली बहीण, अक्का, शिवडीला राहायची. अक्काचे यजमान गोदीत होते, तिकडच्याच बैठ्या क्वार्टर्समध्ये तिचं घर. आई लहानपणी गेली म्हणून काकूंना वाढवलं ते अक्कानं. आणि त्याच अक्कानं हे लग्न नको म्हणून हट्ट धरला होता. "कारकुनाला देतायत तुला, इंदे. जन्म जाईल ट्रामचे धक्के खात!" म्हणाली ती मायेपोटीच, पण काकूंना ते लागलं. मोटार दारात आली त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आता अक्काच्या दारात उतरेन ती ह्यांच्या मोटारीतून. तोवर नाही."

बोलून बसल्या, आणि मग पाय गेले. मग अक्कानंही अंथरूण धरलं. गिरगाव ते शिवडी म्हणजे काय काशीयात्रा आहे का? पण दोन बहिणींना तोंड बघून किती वर्षं झाली होती, हे त्याच जाणोत. निरोप यायचे, लोणच्याच्या बरण्या जायच्या. मी एकदा न राहवून म्हटलं, "काकू, टॅक्सी करू या की! मी येते बरोबर." काकूंनी सुपारी कातरायची थांबवली. "अगं, टॅक्सीतून गेले तर ती काय म्हणेल? आणि हे बिचारे खालमानेनं ऐकून घेतील. ह्यांनी सालटी काढून घेतली बोटांची, ती काय टॅक्सीत बसायला?" खाली काका गाडीखाली आडवे. नवरा हट्टी की बायको, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

एकदा काका खरंच निघाले होते. काकूंना न्यायच्या आधी नुसता रस्ता बघून येतो म्हणाले. रेडिएटर गळत होता. त्यावर ऑफिसात कुणीतरी तोडगा सांगितला, रेडिएटरात हळद घाला, भोकं बुजतात. भोकं बुजतात हे खरं आहे, पण चिमूटभर घालायची! काकांनी काकूंच्या वर्षाच्या हळदीचा डबा उपडा केला. ठाकूरद्वारच्या नाक्यावर रुसूबाई उकळली, काकांनी झाकण उघडलं, आणि पिवळ्या वाफेचा फवारा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, धोतरावर, टोपीवर. माणूस नखशिखांत पिवळा होऊन गाडी ढकलत चाळीत आला. काकूंनी वरून बघितलं आणि इतक्या हसल्या, की सूप मांडीवरून खाली गेलं. "हळद तर लागली," त्या ओरडल्या, "आता मुंडावळ्या बांधा म्हणजे झालं!" काका लाजले. खरंच लाजले हो, त्या वयात.

त्यानंतर काकूंनीच लक्ष घातलं. म्हणाल्या, "तुम्ही सुटं करता ते कुठेही टाकता. मग स्क्रू उरणार नाहीत तर काय? पान वाढल्यासारखं मांडा बघू. आधी काढलेलं मिठाच्या जागी, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. मग उजवीकडे भाजी, आमटी. लावताना आमटीपासून मागे या. पानाची मांडणी कधी चुकलीय का कुणाची?" काकांना हे एकदम पटलं. तेव्हापासून गाडीशेजारी पत्रावळ आली. काका एकेक पार्ट काढायचे आणि पंगतीत वाढप्यानं ओरडावं तसं खालून ओरडायचे, "मीठ, झाकणाचे स्क्रू! लिंबू, जाळी! चटणी, सुई!" वरून काकू "हं" म्हणायच्या. कोशिंबिरीच्या जागी तरंगतं डबडं, भाजीच्या जागी वायसर, आमटीच्या जागी जेट. सबंध चाळीला कार्बोरेटर पाठ झाला. माझ्या सासूबाई सोवळ्यात असल्या तरी आतून म्हणायच्या, "आज आमटी चोंदलेली दिसतेय वामनरावांची."

स्क्रू उरायचे थांबले. गाडी मात्र बंद पडायची ती पडायचीच. आणि एकदा तर अशा जागी पडली, की काकांचा सत्कारच झाला.

झालं असं, काका काकूंचं औषध घेऊन परत येत होते. समोरून मोर्चा येत होता, मागे पोलीस लाठ्या घेऊन उभे. आणि बरोबर दोघांच्या मध्ये रुसूबाई बसली. काकांनी आपलं बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. हवालदार ओरडला, "गाडी हटवा!" काका आतून म्हणाले, "नाही हटत." ते खरंच होतं! पण मोर्चातल्यांना वाटलं, वा रे पठ्ठे, ह्यानं पोलिसांसमोर गाडी आडवी घातली! घोषणा काय, टाळ्या काय. हवालदारानं काकांना दंडाला धरून चौकीवर नेलं आणि लोकांनी रुसूबाई खांद्यावर घेतल्यासारखी चाळीत आणून सोडली.

संध्याकाळी काका सुटून आले, तेव्हा पटांगणात सतरंजी घातलेली, मधोमध टेबल, झेंडूचा हार. विभागातले एक पुढारी भाषण करून थकले होते. काकांना बोलायचा आग्रह झाला. काका उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मंडळी, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. पण गाडी मी आडवी घातली नाही. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता." लोकांना वाटलं, केवढा हा विनय! टाळ्यांचा कडकडाट. काका हात हलवून सांगतायत, "अहो, खरंच कचरा होता, दाखवू का?" पण ऐकतंय कोण!

वर गेल्यावर काकूंनी हजेरी घेतली. भिंतीपलीकडे आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "चार माणसं चांगलं म्हणत होती, तर गप्प बसायला काय जात होतं तुमचं?" त्यावर काका एवढंच म्हणाले, "अगं, पण गाडीबद्दल खोटं कसं बोलायचं?" माणूस असा. तो हार त्यांनी स्वतःला घालून घेतला नाही, रुसूबाईच्या भोंग्याला बांधला, आणि वाळून चोथा झाला तरी तो तिथेच होता.

पुढचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही. महाराष्ट्र झाला, आम्ही दिवे लावले, पेढे वाटले. आम्ही दादरला राहायला आलो. रुसूबाई भंगारात गेली, तिचा भोंगा काकांनी काढून ठेवला. काकू गेल्या, मग काकाही गेले. सगळे जातात. पण मला काका आठवतात ते एकाच दिवसाचे, आणि तो दिवस हरताळाचा.

कडकडीत हरताळ. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी तर औषधाला नाही. सुट्टी दिसली की काकांच्या हाताला खाज सुटायची. सकाळीच पत्रावळ मांडून त्यांनी कार्बोरेटर उघडला होता. मी वर काकूंपाशी पालेभाजी निवडत बसले होते. तेवढ्यात फाटकातून अक्काचा मुलगा मधू सायकल हाणत आला, घामानं निथळत. खालूनच म्हणाला, "मावशी, आईनं तुझा ध्यास घेतलाय. डॉक्टर म्हणाले, भेटायचं असेल त्यांना भेटून घेऊ द्या."

काकूंच्या हातातली जुडी खाली पडली. मला म्हणाल्या, "टॅक्सी बघ गं. कसलीही बघ." इतकी वर्षं धरून ठेवलेला हट्ट त्यांनी असा एका क्षणात सोडला, आणि सोडून उपयोग काय? टॅक्सी होती कुठे! काका पत्रावळीसमोर उकिडवे बसलेले. ते वर बघून म्हणाले, "मी नेतो तुला. आत्ता लावतो. हे बघ, पान मांडलेलंच आहे."

आणि कपाळ बघा. त्यांनी जेट उचलायला हात पुढे केला, तोच रस्त्यावर आरडाओरडा झाला. लाठ्या पडल्या असाव्यात, पन्नासेक माणसं फाटकातून आत घुसली आणि पटांगणातून मागच्या गल्लीकडे पळाली. पळणाऱ्याला पायाखाली काय आहे ते कुठलं दिसायला? एका क्षणात पत्रावळ उधळली. मीठ, लिंबू, चटणी, सगळं चहूकडे.

काका तसेच बसून राहिले. त्यांना मी कधी रडताना बघितलं नव्हतं. "संपलं सगळं," म्हणाले. "आता मला काही आठवायचं नाही गं."

चाळ खाली उतरली. बायकासुद्धा पदर खोचून गुडघ्यांवर आल्या. ज्याला जे सापडेल ते आणून पत्रावळीत टाकत होता. त्यात कुणाच्या तरी कोटाचं बटण होतं आणि माझ्या सासूबाईंच्या जोडव्यातला मणी. काकांच्या हातांत सगळं घोळत होतं, काही कशात बसेना. तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला. दोन्ही हातांनी कठडा धरून त्या उभ्या होत्या. कशा उभ्या राहिल्या कोण जाणे!

"अहो, इकडे बघा. मी वाढते. तुम्ही नुसतं मांडा." काकांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "आमटी," काकू म्हणाल्या, "जेट. पितळी, मधे भोक आहे ते. आधी फुंकर मारा."

काकांनी फुंकर मारली, जेट बसवला.

"भाजी. वायसर."

वायसर काही सापडेना. सगळं पटांगण पालथं घातलं, बहुतेक गटारात गेला. काका पुन्हा हवालदिल झाले. काकू वरून म्हणाल्या, "उरलेल्यांच्या डब्यात बघा की! तिथे काय कमी आहेत?" डबा उपडा केला. त्यात नेमका तसाच वायसर निघाला. साहेबाच्या देशातला जास्तीचा. मग कोशिंबीर, मग चटणी, मग लिंबू. शेवटी मीठ, झाकणाचे स्क्रू. बटण आणि मणी सोडले, तर पत्रावळीत काही उरलं नाही.

काकूंना खुर्चीसकट खाली आणलं. मी त्यांना धरायला मागे बसले, मधू पुढे. चाळीतल्या झाडून सगळ्या पुरुषांनी धक्का मारला. फाटकाशी रुसूबाई खोकली, थरथरली आणि चालू झाली. काकांनी खिडकीतून आलेपाकाचा अख्खा पुडा मागे भिरकावला.

भायखळ्यापर्यंत कुणी अडवलं नाही. लालबागला मात्र पोरांनी रस्त्यात ड्रम आडवे टाकले होते. हातांत दगड. "हरताळात मोटार काढता? शरम नाय वाटत? काच फोडा रे तिची!" मधू सांगायला लागला, आजारी माणूस आहे म्हणून, पण कोण ऐकतो! एवढ्यात त्यांतल्या एकाला भोंग्यावरचा वाळका हार दिसला. "अरे थांबा, थांबा! ही ती गिरगावची गाडी! पोलिसांसमोर आडवी घातलेली. हेच ते काका!" पोरांनी दगड टाकले. "काका, माफ करा हां. जाऊ द्या रे, आपली गाडी हाय!"

काकांनी मान बाहेर काढली. मला कळलंच, आता हे काय बोलणार. "त्याचं असं आहे, बाळांनो," त्यांनी सुरुवात केली, "त्या दिवशी पेट्रोलच्या नळीत..."

"गप्प बसा हो!" मागून काकू कडाडल्या.

काकांनी मान आत घेतली. कान लाल झाले त्यांचे. पोरांनी ड्रम बाजूला केले आणि काळाचौकीपर्यंत दोघं सायकलवरून पुढे वाट मोकळी करत आले.

शिवडीला दारात गाडी उभी राहिली, तेव्हा काकांनी भोंगा वाजवला. वाजवला म्हणजे काय, दाबूनच धरला. शेजारीपाजारी बाहेर आले. आतून क्षीण आवाज आला, "कोण? इंदी का? कशातून आली?" सून म्हणाली, "मोटारीतून, आई." "मग मला बाहेर न्या. बघू दे तरी." सगळे नको नको म्हणत असताना अक्काला उचलून आणलं. अंगात नुसती हाडं उरली होती, पण मोटारीला बाहेरून बघून समाधान होईना. "आत बसव मला," म्हणाली. मी उतरले आणि मधूनं आईला काकूंच्या शेजारी ठेवलं.

दोघींनी एकमेकींचे हात हातात घेतले. मग अक्कानं गादीवरून हात फिरवला. "हीच का गं ती?"

"हीच."

"मी म्हटलं होतं तुला, ट्रामचे धक्के खाशील म्हणून."

"म्हटलं होतंस."

"मऊ आहे गं गादी," अक्का म्हणाली. "माझं चुकलंच, इंदे."

मग ज्या दोघी बोलत सुटल्या! दुखण्याचा एक शब्द नाही. माहेरची विहीर, परसातलं जांभूळ, कुणी कुणाची रिबीन पळवली आणि मार कुणी खाल्ला. मधेच अक्का हसायची, दम लागायचा, काकू तिची पाठ चोळायच्या, की पुन्हा सुरू. काका ड्रायव्हरच्या जागी ताठ बसले होते, आरशातसुद्धा न बघता.

ऊन उतरायला लागलं तशी मधूची चुळबूळ सुरू झाली. "काका, आता निघायला हवं. अंधार पडला की रस्त्यात काय होईल नेम नाही. आईलाही आत घ्यायला हवं." बरोबरच होतं त्याचं. काकांनी मान हलवली. मधूनं समोर जाऊन हँडल मारलं आणि काय सांगू, एका फटक्यात रुसूबाई सुरू झाली! जन्मात पहिल्यांदा. धक्का नाही, खोकला नाही, शिलाईच्या मशीनसारखी गुणगुणत उभी राहिली.

काकांनी मागे वळून बघितलं. अक्कानं काकूंचा हात घट्ट धरला होता. तो सोडायला ती तयार नव्हती.

इंजिन बंद झालं. काका खाली उतरले, पुढे गेले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

"बंद पडली," ते म्हणाले.

"अहो पण आत्ता तर..." मधू म्हणाला.

"हिचं असंच असतं. तू जा, सगळ्यांना चहा टाकायला सांग."

मी बॉनेटपाशी गेले. काका आत डोकं घालून उभे होते, पण हात कशालाच लावलेला नव्हता. पाना नुसता मुठीत. सगळे स्क्रू जागच्या जागी. "काय झालंय काका?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते आणि चोरी पकडली गेल्यासारखे ते हसत होते. "काही नाही, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "आज काहीसुद्धा झालेलं नाही." आणि त्यांनी पान्यानं मडगार्डवर टक टक केलं, मागे ऐकू जाईल असं.

मागच्या सीटवरून काकूंनी हाक मारली, "अहो, काय गेलं? चटणी की कोशिंबीर?"

"सगळं पान मांडावं लागणार!" काका ओरडले. "वेळ लागेल. तुम्ही बसा बोलत."